दोनशे जणांचं गाव, सातशे जणांची गुहा

युरोपात मास्टर्स करायला गेलेल्या मित्रमैत्रिणींचे स्टेटस तुम्ही बघत असालच. आयफेल टॉवर, मग स्वित्झर्लंडचा बर्फ, मग महिनाअखेरीला ‘यार, पैसे संपले’ असा मेसेज. तुमच्यापैकी कुणी फ्रान्सला निघणार असेल, त्यातही एरोस्पेस शिकायला तुलूझला, तर हे पान जपून ठेवा. तुलूझपासून ट्रेनने दीडेक तासावर काओर नावाचं शहर आहे. तिथून फिजाकला जाणारी बस पकडायची, तूर-द-फोरला उतरायचं, लोत नदीवरचा पूल ओलांडायचा आणि चढायला लागायचं. वर जे दिसतं ते सँ-सीर-लापोपी. (स्पेलिंगमध्ये मधेच एक ‘क्यू’ आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष करा, फ्रेंच लोकही करतात.)

गावची लोकसंख्या दोनशेच्या आसपास. तुमच्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर कदाचित याहून जास्त पोरं राहत असतील. नदीपासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर ही घरं एकमेकांना धरून उभी आहेत. उतरती तपकिरी कौलं, दगडी कमानी, मधोमध तटबंदीसारखं दिसणारं सोळाव्या शतकातलं चर्च आणि सगळ्यात वर जुन्या गढीचे अवशेष असलेला खडक. पूर्वी इथं लाकूड कातणारे कारागीर होते आणि त्यांनी केलेल्या दारूच्या पिंपांच्या तोट्या प्रसिद्ध होत्या. २०१२ मध्ये फ्रेंच टीव्हीवर देशातलं सर्वात आवडतं गाव निवडण्याचा कार्यक्रम झाला, त्यात हे गाव पहिलं आलं. तेव्हापासून उन्हाळ्यात काय होत असेल, ते तुम्हीच ओळखा. वर्षाला लाखो लोक येतात. बाहेरच्या गाड्या गावाबाहेर पैसे भरून लावायच्या, आणि जुलै-ऑगस्टच्या दुपारी गल्लीत चालायचं म्हणजे लोकलच्या दारात उभं राहण्यासारखंच.

त्यामुळे पहिली गोष्ट, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नका. मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. भर थंडीत बरीच दुकानं बंद असतात, तेव्हाही उपयोग नाही. दुसरी गोष्ट, गाव बघून लगेच परत फिरू नका. बहुतेक लोक तासाभरात फोटो काढून गाडीत बसतात. खरी मजा गावाच्या खाली आणि भोवती आहे, आणि तिथं पायी जावं लागतं.

खाली नदीकाठी बूझियेस नावाच्या गावाकडे जाणारी एक वाट आहे. तिचा काही भाग सरळ कड्याच्या पोटात कोरलेला आहे. डोक्यावर खडक, एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला हिरवं पाणी. ही वाट ट्रेकर्ससाठी केलेली नव्हती. काओरची वाइन आणि इतर माल सपाट तळाच्या होड्यांतून बोर्दोकडे जायचा. येताना प्रवाहाच्या विरुद्ध होडी आणायची तर काठावरून दोराने ओढावी लागायची, कधी घोड्यांनी, कधी माणसांनी. पण इथं कडा थेट पाण्यात उतरतो, काठच नाही. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कडाच फोडून वाट केली. पुढे रेल्वे आली, होड्या थांबल्या आणि वाट मोकळी राहिली. आता तिथं दानिएल मोनिए या शिल्पकाराने खडकातच कोरलेलं लांबलचक उठावशिल्प आहे. पाणी, शिंपले, मासे असं काहीसं. घाईत चालत राहिलात तर नुसता ओबडधोबड दगड वाटतो.

वाट चुकायची भीती बाळगू नका. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांना ‘जीआर’ म्हणतात आणि झाडांवर, दगडांवर पांढरा-लाल पट्टा रंगवलेला असतो. त्याच दोन रंगांची फुली दिसली तर मागे फिरायचं. स्थानिक छोट्या वाटांना पिवळा पट्टा. बूझियेसच्या पलीकडे सेले ही छोटी नदी लोतला मिळते. तिच्या खोऱ्यातून जीआर ६५१ जाते. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जुन्या मार्गाचाच हा एक फाटा. त्यामुळे वाटेत ‘जीत’ म्हणजे बंक बेडवाल्या साध्या मुक्कामाच्या जागा मिळतात. विद्यार्थ्यांच्या बजेटला हॉटेलपेक्षा हेच बरं. चालायचा कंटाळा आला तर दोन्ही नद्यांवर कनू भाड्याने मिळतात. सेले अरुंद आणि सावलीची, लोत रुंद आणि संथ. लोतवर तर परवान्याशिवाय चालवता येणारी छोटी मोटरबोटही मिळते.

आता गुहेकडे. सेलेच्या खोऱ्यात काब्रेरे गाव आहे, त्याच्या वरच्या टेकडीत पेश-मेर्लची गुहा. सप्टेंबर १९२२ मध्ये ती कुणी शोधली असेल? १६ वर्षांचा आंद्रे दाविद आणि त्याचा मित्र आंरी द्युतेर्त्र. म्हणजे आपल्याकडचे अकरावीतले. जमीन दाविदच्या घरचीच होती. गावचे पाद्री लेमोझी यांना प्राचीन गुहांचं वेड होतं, त्यांनी ते पोरांना लावलं. अंधारात, चिखलात सरपटत दोघं आत गेले आणि समोर भिंतभर चित्रं.

त्यात सगळ्यात गाजलेले ठिपक्यांचे दोन घोडे, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. भोवती हाताचे ठसे. हात भिंतीवर ठेवून त्याच्याभोवती रंग उडवलेला. हे ठिपके खरे की चित्रकाराच्या डोक्यातले, यावर बराच वाद होता. २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास झाला आणि असे ठिपक्यांचे घोडे तेव्हा खरोखर होते, हे समोर आलं. मिशेल लोर्ब्लांशे या संशोधकाने तर दुसऱ्या एका गुहेच्या भिंतीवर हे चित्र स्वतः करून पाहिलं. कोळसा तोंडात घेऊन, थुंकीबरोबर फवारून. त्याला सुमारे ३२ तास लागले. मला विचाराल तर आर्ट हिस्ट्रीतलं याहून भारी प्रॅक्टिकल मिळणार नाही.

मुद्दा असा की हे मूळ चित्र तुम्ही आजही पाहू शकता. लास्को गुहा लोकांच्या श्वासाने आणि गर्दीने खराब होऊ लागली म्हणून १९६३ मध्ये बंद केली, आता तिथं प्रतिकृती बघावी लागते. शोवे गुहा तर सामान्य लोकांसाठी कधी उघडलीच नाही. पेश-मेर्ल उघडी आहे, कारण तिथं दिवसाला ७०० च माणसं सोडतात. गटागटाने, गाइडबरोबर. आत फोटो काढायचा नाही, हात लावायचा नाही. रील मिळणार नाही म्हणून कुणी नाराज होणार असेल, तर त्याने खुशाल वर गावात थांबावं.

हात लावायचा मोह फक्त आपल्याकडे किल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांनाच होतो असं नाही. आंद्रे ब्रेताँ हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकलं असेल. १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिणारा कवी. १९५० मध्ये तो सँ-सीर-लापोपीला आला, गावाच्या प्रेमात पडला, तिथं घर घेतलं आणि पुढची वर्षं उन्हाळे तिथंच काढले. १९५२ मध्ये हा थोर माणूस पेश-मेर्लमध्ये गेला. एका मॅमथच्या चित्राची रेघ त्याला इतकी ताजी वाटली की खरी आहे का बघायला त्याने ती बोटाने घासली. तिथंच झटापट झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि ब्रेताँला दंड झाला. कवी म्हणून सूट मिळाली नाही, आणि ते बरंच झालं.

मुक्कामाला राहिलात तर संध्याकाळी गावात परत या. गाड्या निघून गेलेल्या असतात, गल्ल्या रिकाम्या असतात. हा सगळा भाग कोस दु केर्सी या नैसर्गिक उद्यानात येतो आणि इथल्या चुनखडीच्या पठारावरचा एक पट्टा फ्रान्समधल्या सर्वात काळोख्या आकाशांपैकी मानला जातो. गावापासून थोडं लांब जाऊन टॉर्च बंद केलात की आकाशगंगा दिसते, ॲपची गरज नाही. ऑक्टोबरमध्ये गेलात तर नदीच्या वरच्या अंगाला काझार्क गावात केशराची जत्रा भरते. हो, केशर तिथंही पिकतं.

गुहेचं तिकीट मात्र आधी बुक करा, ७०० चा आकडा सुट्टीच्या दिवसांत लवकर भरतो. आतमध्ये १२ अंशांच्या आसपास तापमान असतं, तेव्हा जॅकेट घ्या. आणि काओरला परत जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच थांब्यावर बघून ठेवा.