अर्जाची पोच

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांतील जनतेची ठाण्यापर्यंतची खेप त्यामुळे वाचली. पुढे २०२१ मध्ये पालघर-बोईसर मार्गावर कोळगाव येथे जिल्हा मुख्यालयाची नवी इमारत उभी राहिली. कचेरी जवळ आली. मात्र हेलपाटे केवळ अंतरामुळे पडत नाहीत.

तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीवर राबणारा बोईसरचा कामगार दाखल्यासाठी येतो तो दिवसाची मजुरी बुडवून. मोखाड्याच्या शेतकऱ्याचा तर जाण्यायेण्यातच दिवस सरतो. अशा माणसाला तिसऱ्या खेपेस "आणखी एक कागद कमी आहे" असे सांगितले जाते. उद्धट बोलण्याची निदान तक्रार करता येते. "अर्ज ठेवून जा, पाहू" या गोड बोलण्याची करता येत नाही. आणि खरे नुकसान त्यानेच होते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. ही मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून मोजली जाते. सेवा न मिळाल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. परंतु दिनांक व क्रमांक असलेली पोचच हाती नसेल, तर मुदत कोठून मोजावयाची? म्हणून आवश्यक कागदांची पूर्ण यादी पहिल्याच भेटीत देणे आणि अर्ज घेताच पोच देणे, या दोन गोष्टींवर कायद्याचा सारा लाभ अवलंबून आहे. सेवा, मुदत व अपील अधिकारी दर्शविणारा फलक लावणे कचेरीस बंधनकारक आहेच. तो कपाटामागे असू नये, इतकेच.

या जिल्ह्यात अनुसूचित जमातीच्या दाखल्याची निकड मोठी. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो पुष्कळदा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच सापडतो. जून महिन्यात, प्रवेशाच्या घाईत, जीर्ण पाने उलटण्यापेक्षा मुख्याध्यापकांनी नववीच्या वर्षातच पालकांकडून नावे घेऊन उतारे काढून ठेवल्यास शाळा, पालक व कचेरी या तिघांचाही भार हलका होतो. जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना आठचा उतारा यांसारख्या सेवा ग्रामपंचायतीकडेच आहेत. मासिक सभेत किती अर्ज आले, किती मुदतीबाहेर राहिले, एवढे दोन आकडे सदस्यांनी विचारले, तरी पोच देण्याची नोंदवही आपोआप भरू लागते.