एक यंत्र आणि चार भाषा

मुलापुढें स्वतंत्र संगणक ठेवला म्हणजे शिक्षणाचें काम झालें, असा समज सुशिक्षित घरांतून बराच दृढ झालेला दिसतो. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं मुलामागें एक यंत्र आलेंही असेल. जेथें सारा वर्ग एकच भाषा बोलतो, तेथें या समजुतींतला तोटा चटकन ध्यानांत येत नाहीं. राहुरीस तो येतो. येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठांत (स्थापना १९६८) मराठी शाळेंतून आलेला शेतकऱ्याचा मुलगा व परप्रांतीय विद्यार्थी शेजारीं बसतात, आणि दोघांनाही शिकावयाचें असतें इंग्रजींतून! तालुक्याच्या ऊसपट्ट्यांत तोडणीच्या हंगामापुरतीं कुटुंबें येतात. त्यांतील बंजारा लेकरांची घरची बोली गोरमाटी. पुस्तकी मराठीही त्यांस परकीच.

अशा मुलांमध्यें एकच यंत्र ठेवलें तर काय घडतें? १९९९ सालीं सुगत मित्रा यांनीं दिल्लीच्या कालकाजी भागांत कचेरीच्या भिंतींत भोक पाडून संगणक बसविला. झोपडपट्टीतील त्या मुलांना इंग्रजी येत नव्हतें; परंतु यंत्र एक व डोकीं अनेक, तेव्हां एकमेकांशीं बोलल्यावांचून गत्यंतरच नव्हतें. पडद्यावरच्या बाणाला तीं 'सुई' म्हणूं लागलीं, आणि थांबावयास सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळास 'डमरू'. आमच्या परिभाषा-समित्यांना इतके नेटके शब्द सुचले असते कीं नाहीं, शंकाच आहे. मुलें खेळांपलीकडे फारशीं गेलीं नाहींत, असा आक्षेप पुढें टीकाकारांनीं घेतला. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. शिक्षकावांचून चालेल, असें आम्हीही म्हणत नाहीं.

आतां यंत्रच क्षणांत भाषांतर करून देतें. ज्याला वर्गांतला शब्दही कळत नाहीं, त्याला ही सोय नाकारणें निर्दयपणाचें होईल. पण हरभऱ्यावरील 'मर' म्हणजे काय, हें केरळच्या सोबत्यास मोडक्यातोडक्या इंग्रजींत समजावतांना मराठी मुलास तो रोग स्वतःला दुसऱ्यांदा, आणि अधिक खोल, कळतो. यंत्रानें तयार उत्तर दिलें कीं प्रश्न सोबत्याकडे जातच नाहीं, आणि दोघेही आपापल्या पडद्यापुढें मुके बसतात.

म्हणून एका यंत्रापाशीं निराळ्या भाषांचीं तीन मुलें बसवावीं, आणि भाषांतराचें साधन शेजाऱ्यास विचारून झाल्यावरच उघडावें. कळफलकावरचा हात मात्र शिक्षकानें आळीपाळीनें बदलविलाच पाहिजे. एरवीं धीट मूल यंत्र बळकावतें, आणि चार महिन्यांसाठीं आलेलें ऊसतोडीवाल्याचें लेकरूं, त्याच्या बोलींत त्या वस्तूस काय म्हणतात हें कोणीं न विचारल्यामुळें, मागेंच उभें राहतें.