शिकताना सोबत हवी, प्रेक्षक नकोत
व्यायामशाळेत मल्लखांब एक आणि मुलं दहा. पाळीची वाट पाहण्यात वेळ फुकट जातो, असं पालकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पुढच्याची पकड कुठे सुटली, हे पाहतानाही मूल शिकतच असतं.

मात्र सोबत वेगळी, प्रेक्षक वेगळे. १८९८मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी ४० मुलांना एकेकट्यानं आणि मग जोडीनं, चढाओढीत गळाचं रीळ फिरवायला लावलं. जोडीत २० जणांचा वेग वाढला. १० जण मात्र गडबडले. १९६५मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी कारण मांडलं : अंगवळणी पडलेली गोष्ट चारचौघांत खुलते, नवी बिघडते.

म्हणून नवशिक्याला आधी सवंगडी द्या. स्नेहसंमेलनाचं व्यासपीठ नंतर.