बुऱ्हाणपूरच्या पोटातलं पाणी

बुऱ्हाणपूरला परदेशी पाहुण्यांचं अप्रूप नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५मध्ये सुरतेहून जहांगीराच्या भेटीला अजमेरकडे निघाला होता, तेव्हा त्याचा मुक्काम इथं पडला. कोतवालाने त्याला सराईत जागा दिली. त्या खोल्या रोला भट्टीएवढ्या वाटल्या. शहजादा परवेझ तेव्हा इथं होता, त्याची भेट झाली. गावाबद्दल मात्र रोचं मत फार बरं झालं नाही. शहजाद्याचा वाडा, खानखानाचा वाडा आणि थोडी इमारती घरं सोडली, तर बाकी सगळी मातीचीच, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी आला तो १६३०च्या दुष्काळात. त्याच्यानंतर आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याची नजर इथल्या तलम मलमलीवर गेली. हा माल इराण, तुर्कस्तान, कैरो, पोलंड आणि थेट रशियापर्यंत जातो, असं त्याने नोंदवलं आहे.

रो जी मातीची घरं पाहून गेला, त्यांच्या भोवतीच त्या काळात एक विलक्षण काम चाललं होतं. सातपुड्याच्या पायथ्याला मुरलेलं पाणी जमिनीखालून शहरात आणण्याचं. त्याचं सालही १६१५च सांगतात. सुभेदार होता अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोह्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेला रहीम. आखणी केली तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने. त्याचं नाव घेऊन इथली माणसं आजही कुंडी भंडारा दाखवतात. कुणी त्याला खुनी भंडाराही म्हणतात.

लालबागच्या बाजूला गेलं की शेताकडेला दगडी कठड्यांची रांग दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या साध्या विहिरी वाटतात. पण दोन कठड्यांमधलं अंतर फारसं बदलत नाही आणि सगळ्या मिळून एक रेघ धरून शहराकडे जातात. अशा एकशे तीन कुंड्या, आणि त्यांना तळाशी जोडणारा सुमारे चार किलोमीटरचा बोगदा. डोंगराकडून मुरत आलेलं पाणी बोगद्याच्या भिंतींतून झिरपतं आणि उताराने पुढे सरकतं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. सगळी करामत उताराची आहे. तो जास्त झाला तर पाणी तळ खरवडेल, कमी झाला तर गाळ बसेल. चारशे वर्षांपूर्वी, जमिनीच्या पोटात, दिव्याच्या उजेडात हा उतार इतका लांब सांभाळणारी माणसं काय ताकदीची असतील! खणताना माती वर काढायला कुंड्या लागल्या. पुढे हवा, उजेड आणि गाळउपशासाठीही त्याच कामी आल्या. पावसाचं गढूळ पाणी आत शिरू नये म्हणून प्रत्येकीचं तोंड जमिनीच्या वर बांधून घेतलेलं.

एका कुंडीवर लिफ्ट बसवलेली आहे. लोखंडी पिंजरा, त्यात मोजकीच माणसं मावतात. खाली जवळजवळ ऐंशी फूट. पिंजरा हलला की उन्हाळा वरच राहतो. विटांचं बांधकाम संपून कातळ सुरू होतो, अंगावर ओलसर गारवा येतो. तळाशी पाय पाण्यात पडतो. पाणी इतकं नितळ, की पायाची बोटं मोजता यावीत. सोबतचा माणूस म्हणाला, "दादा, डोकं सांभाळा, अन् भिंतीला हात नका लावू." हात का लावायचा नाही ते टॉर्च पाडल्यावर कळलं. दोन्ही भिंतींवर चुन्याचा पांढरा थर चढला आहे. कुठे तो वितळलेल्या मेणासारखा ओघळून थिजला आहे, कुठे त्यावर बारीक कण चमकतात. झिरपणाऱ्या पाण्यातला चुना शतकानुशतकं थेंबाथेंबाने इथं बसत आला. माणसाच्या हाताने ते क्षणात मोडतं. थोडं पुढे चालून गेलं की वरच्या पुढच्या कुंडीतून उजेडाचा एक गोल खाली उतरलेला दिसतो, मग काळोख, मग पुन्हा गोल. कान दिला तर भिंतीतून पाणी येतं त्याचा आवाजही ऐकू येतो.

मराठी वाचकाला हे सगळं अगदी अनोळखी वाटू नये. त्याच दशकात तिकडे खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबर नहर खणत होता. रहीम मोगलांचा सेनापती आणि अंबर निजामशाहीचा, दोघे दख्खनसाठी एकमेकांशी झुंजत होते. लढाईत एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या या दोघांनी रयतेला पाणी पाजण्याची युक्ती मात्र एकच निवडली. ती इराणातल्या कनातींची, म्हणजे अशाच भुयारी कालव्यांची. इराणच्या कनाती २०१६मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. आपला कुंडी भंडारा २०२४मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीपर्यंत पोचला आहे.

यादीत नाव आलं की पाटी लागेल, रस्ता होईल, परदेशी पाहुणेही वाढतील. त्यांनी यावंच. पण हा भंडारा चालतो तो डोंगर जेवढं पाणी सोडेल तेवढ्यावरच. आसपासच्या बोअरवेल मात्र खोल जाऊन ओढता येईल तेवढं ओढतात. केळी या पट्ट्याचं सोनं आहे हे खरं, पण केळीला पाणी भरपूर लागतं. पायथ्याला पाणी मुरणं कमी झालं आणि उपसा वाढतच गेला, तर नुसता कठड्यांना रंग देऊन काही वाचणार नाही. कुंड्या जपायच्या तर त्यांच्या माथ्यावरचा डोंगर आधी जपायला हवा, गाळ वेळच्या वेळी काढायला हवा, आणि आत नेलेल्या प्रत्येक माणसाला भिंतीपासून हात लांब ठेवायला सांगायला हवं.

भुसावळहून खंडव्याच्या गाडीने बुऱ्हाणपूर तासाभराच्या अंतरावर आहे. उत्तरेकडे जाणारे आपण बहुतेक जण खिडकीतून स्टेशनची पाटी वाचून पुढे जातो. एकदा उतरा. असीरगड पाहा, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख पाहा, नदीच्या पलीकडच्या तीरावर मुमताजला १६३१मध्ये आधी जिथं पुरलं होतं तो आहुखाना पाहा, मावा जिलबी खा. पण त्याआधी लालबागला जाऊन लिफ्ट सुरू आहे का विचारा, आणि खाली उतरा.