आफ्रिकेला मिळणारी मदत: किती, कुठे आणि कोणाच्या हातांनी

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची यूएसएड ही संस्था स्वतंत्र संस्था म्हणून संपली. १९६१ पासून गरीब देशांतले दवाखाने, शाळा, विहिरी आणि अभयारण्ये यांना पैसा पुरवणारी ही सर्वांत मोठी सरकारी यंत्रणा. तिचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी मार्चमध्येच सांगून टाकले होते. या बातमीवर आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू आली. एक, बरेच झाले, साठ वर्षे पैसा ओतून आफ्रिका आहे तिथेच आहे. दुसरे, आता तिथल्या लोकांचे कसे होणार, ते तर मदतीवरच जगतात. पहिल्या मतात राग आहे, दुसऱ्यात कळवळा. पण खेड्यांत प्रत्यक्षात काय घडले, हे दोघांनाही ठाऊक नसते. ते ठाऊक असायला हवे, कारण तिथे पोहोचलेल्या मदतीतला बराच भाग आपल्या मुंबई-पुण्यातून गेलेला आहे.

‘आफ्रिका मदतीवरच जगते’

२०२३ साली श्रीमंत देशांनी जगभर मिळून सुमारे २२४ अब्ज डॉलरची अधिकृत मदत दिली. ही रक्कम त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३७ टक्के होते. ०.७ टक्के द्यावेत, असा ठराव संयुक्त राष्ट्रांत १९७० मध्ये झाला होता. २०२३ मध्ये तो पाळणारे देश पाच होते: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, जर्मनी आणि डेन्मार्क.

या पैशांपैकी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेला देणाऱ्या सरकारांकडून थेट मिळाले सुमारे ३६ अब्ज डॉलर. तिथली लोकसंख्या १२० कोटींच्या घरात. म्हणजे माणशी वर्षाला तीसेक डॉलर. जागतिक संस्थांमार्फत जाणारा पैसा वेगळा, पण तो धरूनही यावर कोणाची चूल पेटत नाही. त्याच वर्षी परदेशांत राबणाऱ्या आफ्रिकी माणसांनी आपल्या घरी सुमारे ५४ अब्ज डॉलर पाठवले. तिथले खेडे चालते ते शेतीवर, गुरांवर, बाजारावर आणि गावाबाहेर गेलेल्या पोराबाळांच्या कमाईवर. मदतीचा पैसा येतो तो लस, औषध, मच्छरदाणी, शिक्षकांचे प्रशिक्षण अशा ठरावीक कामांपुरता.

‘सगळे खाल्ले जाते’

खाल्ले जाते, हे खरे आहे. २०१२ मध्ये युगांडाच्या पंतप्रधान कार्यालयातून उत्तर युगांडाच्या पुनर्वसनासाठी आलेला पैसा लंपास झाल्याचे उघड झाले. ही चोरी पकडली युगांडाच्याच महालेखापरीक्षकांनी. आयर्लंडने मदत थांबवली आणि युगांडाने त्यांचे ४० लाख युरो परत केले. चोरीची बातमी आपल्यापर्यंत येते, ती कोणी पकडली आणि पुढे काय झाले हे मात्र येत नाही.

दुसरी गळती कायदेशीर आहे आणि मला ती जास्त टोचते. अमेरिकेच्या अन्नमदतीतले धान्य बहुतांशी अमेरिकी शेतकऱ्यांकडूनच विकत घ्यायचे आणि त्यातले निम्मे तरी अमेरिकी जहाजांतूनच पाठवायचे, असा नियम अनेक दशके चालला. शेजारच्या जिल्ह्यात मका स्वस्त मिळत असतानाही धान्य समुद्रावरून यायचे. त्यात भाडे जायचे, महिने जायचे. हा पैसा आफ्रिकेतल्या कोणी खाल्लेला नाही.

‘एवढे करून निष्पन्न काय?’

नारू आठवतो का? महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या जुन्या माणसांना आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी प्यायले की त्यातल्या बारीक जलकीटकांबरोबर जंताच्या अळ्या पोटात जायच्या आणि वर्षभराने पायातून हातभर, कधी मीटरभर लांबीचा जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला.

आफ्रिकेत हाच रोग पेरणी-कापणीच्या दिवसांत अख्ख्या घराला अंथरुणाला खिळवत असे. १९८६ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत मिळून त्याचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये साऱ्या जगात १४ उरले. या रोगावर लस नाही, औषध नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या जोडीने, बारीक जाळीचे कापड, तळ्यात टाकायचे कीटकनाशक आणि प्रशिक्षण पुरवले. बाकीचे काम गावातल्या स्वयंसेवकांचे. घरोघरी जायचे, पाणी गाळून प्यायला सांगायचे, जंत बाहेर येत असलेल्या माणसाला तळ्यात उतरू द्यायचे नाही आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची. वर्षानुवर्षे. १९९५ मध्ये सुदानच्या यादवी युद्धात कार्टर यांनी मध्यस्थी करून शस्त्रसंधी घडवली आणि त्या महिन्यांत कार्यकर्ते गावोगाव पोहोचले. एके काळी सर्वांत जास्त रुग्ण असलेल्या नायजेरियात २००८ नंतर एकही रुग्ण आढळलेला नाही. आता अडचण वेगळी आहे. चाडमध्ये हा जंत कुत्र्यांमध्ये सापडू लागला, म्हणून तिथे संसर्ग झालेल्या कुत्र्यांना बांधून ठेवावे लागते. शेवटचे मूठभर रुग्ण पहिल्या लाखांपेक्षा अवघड ठरले आहेत आणि मदत थांबली तर घाव तिथेच बसेल.

आणखी एकच आकडा देतो. सहाराच्या दक्षिणेस १९९० साली जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे १८० पाच वर्षांची होण्याआधी दगावत. आज ते प्रमाण सत्तरच्या आसपास आहे. श्रेय एकट्या मदतीचे नाही. रस्ते, आयांचे शिक्षण, पोटाला मिळणारे अन्न, सारेच त्यात आहे. पण लसी आणि मच्छरदाण्या वगळून हा आकडा समजावून सांगता येत नाही.

‘ही सगळी गोऱ्यांची देणगी’

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या रुंदीभर एक पट्टा आहे. तिथे कोरड्या हंगामात धुळीचे वारे सुटले की मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, साथ यायची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांची श्रवणशक्ती गेली. ‘ए’ जातीच्या जंतूवर टिकाऊ लस करणे शक्य होते, पण मोठ्या कंपन्यांना त्यात फायदा दिसत नव्हता. आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांनी लसप्रकल्पाच्या लोकांना सुरुवातीलाच बजावले की डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला पाहिजे, त्याहून महाग लस आम्हाला पुढे परवडणार नाही.

ती लस बनली पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. पैसा गेट्स फाउंडेशनचा, आखणी ‘पाथ’ ही आरोग्यसंस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांची, लस जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतले. किंमत अर्ध्या डॉलरच्या आतच राहिली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. ४० अंश उष्णतेत चार दिवस शीतपेटीबाहेर राहिली तरी ही लस टिकते, हे पुढे सिद्ध झाले आणि वीज नसलेल्या वस्त्यांपर्यंत ती नेता आली. दहा वर्षांत ३० कोटींहून अधिक लोकांना ती टोचली गेली आणि ‘ए’ जातीची साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली.

त्याआधी, २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे युसूफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत होती दहा हजार डॉलरच्या वर. अमेरिकेने २००३ मध्ये पेपफार ही प्रचंड एड्सविरोधी योजना आणली, पण तिच्या पैशांत कोट्यवधी रुग्णांना पुरेल इतके औषध येऊ शकले ते भारतीय जेनेरिक औषधांमुळे. मदतीला ‘पश्चिमेची’ म्हणताना आपण आपल्याच औषधनिर्मात्यांचे आणि कामगारांचे श्रम विसरतो.

‘फुकट दिले की किंमत राहत नाही’

हे वाक्य मदत देणाऱ्या संस्थांतही वर्षानुवर्षे मानले जाई. मच्छरदाणी फुकट दिली तर लोक तिचे मासे पकडायचे जाळे करतील, थोडे तरी पैसे घ्या, असा सल्ला असे. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम केनियातल्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या दवाखान्यांत हे पडताळून पाहिले. काही दवाखान्यांत मच्छरदाणी फुकट, काहींत वेगवेगळ्या किमतींना. फुकट नेणाऱ्या बायका ती विकत घेणाऱ्यांपेक्षा कमी वापरतात असे दिसले नाही. मात्र किंमत जेमतेम ६० अमेरिकी सेंट झाली की घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी घसरले. गरोदर बाईच्या हातात त्या दिवशी तेवढे पैसे नव्हते, इतकीच गोष्ट.

‘शाळा बांधा, पुस्तके द्या, मुले शिकतील’

हा शुभचिंतकांचा गैरसमज. केनियाच्या बुसिया भागात शाळांना पाठ्यपुस्तके वाटून परिणाम मोजला गेला. सरासरी गुण वाढले नाहीत. आधीच पुढे असलेल्या मुलांना तेवढा फायदा झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. पाचवीतले मूल दुसरीचा परिच्छेद वाचू शकत नसेल, तर पाचवीचे पुस्तक त्याला काय देणार?

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर मुंबईच्या वस्त्यांतून गेले. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने १९९०च्या दशकात इथे काम सुरू केले. पुढे त्यातून जी पद्धत घडली ती अशी: मुलांचे गट इयत्तेप्रमाणे पाडायचे नाहीत, तर त्यांना आज काय वाचता येते, कोणती गणिते येतात ते पाहून पाडायचे आणि रोज थोडा वेळ तिथूनच पुढे न्यायचे. झांबियाच्या शिक्षण खात्याने ही पद्धत ‘कॅच अप’ नावाने तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी घेतली, तिथल्या स्थानिक भाषांत, तिथल्याच सरकारी शिक्षकांच्या हातून. युनिसेफ आणि यूएसएड यांचा पैसा त्यामागे होता. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाला झांबियातल्या त्या वर्गात नवखे वाटणार नाही.

शुभचिंतकांच्या फसगतीचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र पाण्याचे आहे. ‘प्लेपंप’ म्हणजे मुलांनी खेळता खेळता फिरवायचे चक्र आणि त्यावर चालणारा पाणीपंप. छायाचित्रात फार सुंदर दिसे. २००६ मध्ये त्यासाठी अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली, चार हजार पंप बसवायचे ठरले. मुले तासन्‌तास फिरवणार थोडीच? अनेक ठिकाणी बायकांनाच ते जड चक्र ढकलत बसावे लागले. बिघडले तर गावात दुरुस्ती होईना आणि साध्या हातपंपाच्या कितीतरी पट खर्च. पाणी भरणाऱ्या बायकांना आधी विचारले असते तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

‘जंगल वाचवायचे तर माणसे हटवा’

युगांडातले ब्विंडी जंगल १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढले गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांना जमीन मिळाली नाही. गोरिलांवरच्या माहितीपटांत हा भाग सहसा नसतो. तो अन्याय अजून भरून निघालेला नाही.

त्याच ब्विंडीत १९९६ मध्ये गोरिलांच्या एका कळपाला खरूज झाली आणि एक पिल्लू दगावले. पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांचा निष्कर्ष होता की रोग आला तो माणसांकडून, बहुधा शेतातल्या बुजगावण्यांना घातलेल्या जुन्या कपड्यांतून. त्यांनी २००३ मध्ये संस्था काढली आणि जंगलाभोवतीच्या गावांत आरोग्यसेवा नेली. गावातलेच स्वयंसेवक घरोघरी जाऊन क्षयरोगाची लक्षणे, स्वच्छता, कुटुंबनियोजन यांबद्दल बोलू लागले. शेतकऱ्याच्या घरातली खरूज बरी झाली तर गोरिलाही सुरक्षित. त्यांचा हा विचार मला या साऱ्या विषयातला सर्वांत शहाणा विचार वाटतो. २०१८ मध्ये जगातले पर्वतीय गोरिला हजाराच्या वर गेल्याचे जाहीर झाले.

नामिबियाने आणखी पुढचे पाऊल टाकले. वायव्येच्या कोरड्या मुलखात १९८०च्या दशकात दुष्काळ आणि शिकार यांनी हत्ती-गेंडे संपत आले होते. वन्यजीव संरक्षक गार्थ ओवेन-स्मिथ तिथल्या गावप्रमुखांशी बोलले आणि गावातूनच राखणदार नेमले गेले. त्यांच्यापैकी काही आधी शिकार करणारे होते, त्यामुळे माग काढण्यात तरबेज. स्वातंत्र्यानंतर १९९६च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरील लोकांना वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हक्क दिला. यूएसएड आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनी अनेक वर्षे प्रशिक्षण आणि खर्च पुरवला. आज अशी ८६ संवर्धन क्षेत्रे आहेत आणि देशाची सुमारे २० टक्के जमीन त्यांत येते. हत्ती पीक तुडवतात, सिंह गुरे मारतात, भरपाई पुरी पडत नाही, हे तिथले रोजचे भांडण आहे. पण ते भांडण हक्क असलेल्या माणसांचे आहे.

‘मदत बंद केली की आपोआप पायावर उभे राहतील’

मदत संपायला हवीच. प्रश्न आहे ती कशी संपावी. पश्चिम आफ्रिकेत काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या नदी-अंधत्वाविरुद्ध १९७४ मध्ये मोहीम सुरू झाली. हेलिकॉप्टरने नद्यांवर अळीनाशक फवारले गेले. पुढे मर्क कंपनीने १९८७ पासून आयव्हरमेक्टिन हे औषध फुकट दिले आणि त्याचे वाटप गावांनी आपल्या हाती घेतले. ११ देशांतली ही मोहीम २००२ मध्ये आधी ठरवून, काम त्या त्या देशांकडे सोपवत संपवण्यात आली. लोक सोडून गेलेली सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा कसण्याजोगी झाली. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा या रोगाचा प्रसार थांबवल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा आफ्रिकेतला पहिला देश ठरला.

त्याच महिन्यात अमेरिकेने मदत एका आदेशाने गोठवली. दक्षिण आफ्रिका एचआयव्हीची औषधे स्वतःच्या पैशाने घेते, तिच्या एचआयव्ही कार्यक्रमात अमेरिकेचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपासच होता. तरी सुमारे आठ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांची पदे त्या पैशावर होती. वस्त्यांत जाऊन औषध सोडलेल्या रुग्णाला शोधून आणणारी माणसे त्यांत होती. अशी तूट भरून काढायला नायजेरियाच्या संसदेने फेब्रुवारीत आरोग्यासाठी आणखी २० कोटी डॉलर मंजूर केले. त्याच देशाच्या राजधानीत, अबुजात, २००१ मध्ये आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करायचे कबूल केले होते. बहुतेक देश अजून त्या आकड्याच्या बरेच खाली आहेत. तिथल्या पत्रकारांनी आणि नागरिक संघटनांनी आता आपापल्या सरकारांना हाच आकडा विचारायला सुरुवात केली आहे.