स्पार्टात सैनिक घडत होते, मग कमी का पडले?

मागच्या व्याख्यानात आपण अथेन्सच्या नागरिकाचा दिवस कसा जायचा ते पाहिलं. आज आपण युरोटास नदीच्या खोऱ्यात, स्पार्टाला जाऊ. स्पार्टा म्हटलं की थर्मोपिली, लिओनिडास राजा आणि त्याचे 300 सैनिक आठवतात. ते वर्ष इ. स. पू. 480. हिरोडोटस सांगतो, की त्या काळात स्पार्टात सुमारे 8,000 नागरिक पुरुष होते. पुढे दीडशे वर्षांनी अ‍ॅरिस्टॉटल लिहितो, की तो आकडा आता हजारसुद्धा राहिला नव्हता. म्हणजे ग्रीसमधलं सर्वांत कडक लष्करी शिक्षण चालू होतं आणि त्याच वेळी सैनिक संपत चालले होते. हे कसं झालं, हा आजचा विषय.

आधी साधनांबद्दल थोडं. स्पार्टातल्या लोकांनी स्वतःविषयी फारसं लिहून ठेवलेलं नाही. झेनोफन अथेन्सचा, पण स्पार्टाच्या राजाचा स्नेही. त्याने ही व्यवस्था जवळून पाहिली होती. प्लूटार्क मात्र लिओनिडासनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी, रोमन काळात लिहितो. अंगरख्याखाली कोल्ह्याचं पिल्लू लपवून, ते पोट फाडत असतानाही गप्प राहिलेल्या मुलाची गोष्ट प्लूटार्कने सांगितलेली आहे. अशा गोष्टी ऐकताना हे अंतर लक्षात ठेवायला हवं.

आता शिक्षणाकडे येऊ. सातव्या वर्षी मुलगा घर सोडून समवयस्कांच्या गटात जायचा. त्या सर्वांवर राज्याने नेमलेला एक अधिकारी असे. त्याच्या हाताखाली चाबूक घेतलेले तरुण असत. मुलं अनवाणी चालायची. वर्षभर, थंडी असो की ऊन, एकच वस्त्र. अंथरूण म्हणजे नदीकाठचे बोरू हातांनी तोडून केलेली चटई. जेवण मुद्दामच अपुरं दिलं जाई, म्हणजे मुलांनी चोरून खावं. पकडला गेला तर फटके. झेनोफनच्या मते ही शिक्षा चोरी केल्याबद्दल नव्हती, चोरी नीट न जमल्याबद्दल होती. मोहिमेवर असताना अन्न कसं मिळवायचं, पाळत कशी ठेवायची, याचाच तो सराव.

विसाव्या वर्षाच्या आसपास तरुण सैन्यात जायचा. लग्न झालं तरी तिशीपर्यंत मुक्काम सोबत्यांबरोबर, बायकोला चोरून भेटायचं. सैनिकी सेवा साठाव्या वर्षापर्यंत. पण या सगळ्यात महत्त्वाची एक पायरी असते, ती आपल्या नजरेतून सुटते. ती म्हणजे सामुदायिक भोजनाची पंगत.

प्रत्येक नागरिक रोज संध्याकाळी सुमारे 15 जणांच्या पंगतीत जेवत असे. नव्या माणसाला घ्यायचं की नाही, यावर मतदान व्हायचं. प्रत्येकाने पावाचा गोळा भांड्यात टाकायचा. एकाने जरी गोळा चेपून टाकला, तरी उमेदवार बाद. आत आल्यावर दर महिन्याला ठरलेला वाटा द्यायचा: जवाचं पीठ, वाइन, चीज, अंजीर आणि थोडे पैसे. हा वाटा देता आला नाही, तर पंगत गेली. आणि पंगत गेली की नागरिकत्वही गेलं. क्रीटमध्ये असाच खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होई, स्पार्टात मात्र तो ज्याने त्याने करायचा. अ‍ॅरिस्टॉटलने नेमकं याच नियमावर बोट ठेवलं आहे.

हा वाटा यायचा कुठून? नागरिक स्वतः शेती करत नसे, धंदाही नाही. त्याची जमीन हेलॉट लोक कसत. हे जमिनीला बांधलेले, दास बनवलेले लोक. लॅकोनिया आणि मेसेनिया या प्रांतांतले. इ. स. पू. 479 मध्ये प्लाटियाच्या लढाईत 5,000 स्पार्टन नागरिकांबरोबर 35,000 हेलॉट होते, म्हणजे एकामागे सात. दरवर्षी एफोर नावाचे पाच अधिकारी हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे हेलॉटाला मारणं पाप ठरू नये. हे लष्करी शिक्षण बाहेरच्या शत्रूइतकंच या आतल्या भीतीवरही उभं होतं.

आता गणित बघा. जमीन मुलांमध्ये वाटली जायची, लग्नात आणि वारशाने पुन्हा मोजक्या घरांत गोळा व्हायची. ज्याचा तुकडा लहान, त्याला पंगतीचा वाटा झेपेना. सगळं शिक्षण पुरं केलेला, लढू शकणारा माणूस नागरिकांच्या यादीतून बाहेर पडायचा. खाली जायला वाट होती, वर यायला जवळजवळ नव्हती. साधारण इ. स. पू. 399 मध्ये किनाडोन नावाच्या एका धडधाकट तरुणाने कट केला. तो पूर्ण नागरिक नव्हता, आणि कोणापेक्षाही कमी राहायचं नाही, हेच त्याने कारण सांगितलं.

राज्याला हे दिसत नव्हतं असं नाही. तीन मुलगे असणाऱ्याला सैनिकी सेवा माफ, चार असणाऱ्याला सगळे करच माफ. पण अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, मुलगे वाढले की जमिनीचे तुकडे वाढले, आणि गरिबीही वाढली. उपायानेच रोग बळावला.

शेवटी इ. स. पू. 371 मध्ये ल्यूक्ट्राला थीब्सने स्पार्टाचा पराभव केला. रणात असलेल्या सुमारे 700 नागरिकांपैकी 400 च्या आसपास मेले. रणातून पळालेल्यांचे हक्क काढून घ्यावेत, असा कायदा होता. पण तसं केलं तर उरणार कोण? प्लूटार्क सांगतो, की अगेसिलाओस राजाने त्या दिवसापुरता कायदा बाजूला ठेवला. ज्या शिस्तीसाठी सात वर्षांच्या पोराला आईपासून तोडलं, तीच शिस्त पाळायला आता माणसं पुरत नव्हती. थोड्याच काळात मेसेनिया स्वतंत्र झाला, आणि तिथल्या जमिनीही गेल्या.

म्हणून स्पार्टाच्या ऱ्हासाचं कारण तरुण मऊ पडले यात शोधू नये. शूर माणसं तयार होत होती. त्यांना नागरिक म्हणून ठेवण्याची किंमत मात्र व्यवस्थेने इतकी वाढवली होती, की फार थोड्यांना ती परवडली. पुढच्या वेळी आपण एगिस आणि क्लिओमेनिस या दोन राजांकडे वळू. जमिनीची फेरवाटणी करून हे चक्र उलटं फिरवायचा प्रयत्न त्यांनी केला.