वही, टेप आणि कानबाईचा रोट

1907 साली छापलेल्या एका सरकारी ग्रंथात खानदेशी बोलीचा नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट दिली आहे! अमळनेर-पारोळ्याच्या ओट्यावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी सोडून ही का? जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात देशभरातल्या बोलींसाठी हीच गोष्ट नेमलेली होती. गोष्ट एकच असली की बोलींची तुलना करता येते. ग्रिअर्सन स्वतः गावोगाव फिरले नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांनी नमुने जमवून धाडले आणि खानदेशी जाऊन बसली भिल्ली भाषांच्या खंडात. पुढं शंभरेक वर्षांनी गणेश देवी यांच्या पुढाकारानं भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण झालं. त्याचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, तो 2013 साली आला. त्यात अहिराणी, म्हणजे हीच खानदेशी बोली, आहे, आणि या वेळी ती साहेबाच्या हुकमावरून गोळा झालेली नाही.

बोलीचे नमुने बसल्या जागी मागवता येतात, पण माणसांत जाऊन माणसांचा अभ्यास करायचा तर आधी त्यांच्यात राहावं लागतं. हे खानदेशात एका लष्करी अधिकाऱ्यानं फार लवकर ओळखलं होतं. 1825 साली जेम्स आउट्रम धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला आला. त्यानं भिल्ल नाईकांबरोबर जंगलात शिकार केली, पहारा न ठेवता त्यांच्यात मुक्काम केला आणि त्यांचा भरवसा मिळवला. आज मानववंशशास्त्राचे विद्यार्थी जे शिकतात, त्याच्याशी हे फार मिळतंजुळतं. फरक हेतूचा. आउट्रमला सातपुड्याचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात हवा होता. माणसांत मिसळणाऱ्यानं 'कशासाठी?' या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं, असं मला वाटतं ते यामुळंच.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्याकडं ते उत्तर होतं. जन्म ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीचं. बर्लिनमध्ये त्यांनी 149 कवट्या मोजल्या. गोऱ्यांची कवटी वेगळी असते, हे त्यांच्या मार्गदर्शकाचं, ऑयगेन फिशर यांचं मत होतं. आपल्या मोजमापांतून तसं काही निघत नाही, हे त्यांनी त्याच प्रबंधात मांडलं. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. तिथून कधी विद्यार्थ्यांना, कधी मुलांना घेऊन त्या रानोमाळ हिंडल्या, गोठ्यात झोपल्या, ट्रकच्या हौद्यात झोपल्या. पश्चिम खानदेशातल्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारच्या भिल्लांची सामाजिक-आर्थिक पाहणी करून त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्या काळी डोकंही मोजत. कंपासासारख्या वाकड्या पायांच्या मापकाचं एक टोक दोन भुवयांच्या मधोमध, दुसरं मागच्या उंचवट्यावर. अनोळखी बाईला एवढं जवळ येऊ देणारा माणूस तिच्यावर केवढा विश्वास टाकत असेल, याचा विचार करा.

आता नात्यांकडं वळू. घराण्याची वंशावळ विचारत विचारत समाज समजून घ्यायची रीत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी 1898 च्या टोरेस सामुद्रधुनीतल्या मोहिमेत बसवली. खानदेशात त्यासाठी श्रावणात यावं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. पुष्कळ घरांत तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य मोजतात, आणि रोटाचा प्रसाद भाऊबंदांपुरताच असतो. म्हणजे कुटुंबाची नोंद मुठीनं घेतली जाते! वेगळी चूल मांडलेल्या भावाची मूठ कोणत्या घरात पडते? लग्न झालेल्या लेकीला रोट मिळतो का? दूर सुरतेला गेलेल्या पुतण्याचं काय? एवढे तीन प्रश्न पिठाच्या परातीशेजारी बसून विचारले, तर छापील प्रश्नावलीत महिनाभरात मिळणार नाही ते दुपारभरात कळेल. बायका बोलतात, पण कामाला हात लावणाऱ्याशी. नुसती वही घेऊन उभ्या राहणाऱ्याशी नाही.

अभ्यासकानं फक्त पाड्यावरच जावं असंही नाही. समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांनी थेट कोपरगावचा साखर कारखाना गाठला. सभासद, संचालक, निवडणुका, गटबाजी असं सगळं जवळून पाहिलं आणि 1980 साली सहकारातल्या राजकारणावर पुस्तक काढलं. पुढं डी. डब्ल्यू. ॲटवूड यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिलं. एक लेखक खेड्यात वाढलेला, दुसरा अमेरिकेतून आलेला, आणि दोघांची नजर ग्रामीण महाराष्ट्रावर. घरच्याला जे रोजचं म्हणून दिसत नाही ते पाहुण्याला दिसतं. पाहुण्याला जे कळत नाही ते घरचा सांगतो.

समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर नर्मदाकाठी आलिराजपूरच्या भिलाला गावात राहिल्या. पलीकडचा काठ तेव्हाच्या धुळे जिल्ह्याचा. 1995 च्या त्यांच्या पुस्तकाचं मोल मला वाटतं ते त्याच्या प्रामाणिकपणात. नर्मदेवरच्या धरणाविरुद्धच्या आंदोलनाच्या त्या बाजूच्या होत्या, तरी 'आदिवासी म्हणजे निसर्गाशी एकरूप' हे शहरी गोड चित्र त्यांनी जसंच्या तसं स्वीकारलं नाही. जंगलातली जमीन कसायला धडपडणारी, वनखात्याशी झुंजणारी खरी माणसं त्यांनी दाखवली.

आणि टिपणं जळाली तर? समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची तशीच गत झाली. म्हैसूरजवळच्या रामपुऱ्याच्या टिपणांच्या तिन्ही प्रती 1970 साली अमेरिकेत लागलेल्या आगीत सापडल्या. त्यांनी आठवणीतून गाव उभं केलं. त्या पुस्तकाला आज अभिजात मानतात.

खानदेशावरचं असं पुष्कळ लेखन इंग्रजीत आहे. ज्यांनी ओट्यावर बसवून चहा पाजला, त्यांच्या हाती ते क्वचितच पडतं. म्हणून जळगाव-धुळ्याच्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कोणी वही-टेप घेऊन दारात आला तर त्याला जरूर बसवा. पण नाव, संस्था आणि हे सगळं कुठं छापणार ते विचारा, नको असेल तिथं फोटोला सरळ नाही म्हणा, आणि पुस्तक झालं की मराठीत एक प्रत गावच्या वाचनालयाला पाठवायचं कबूल करून घ्या.